वितळता बर्फ आणि शेवटचा मॅमथ

एखादा सिनेमा गाजला की त्याचा दुसरा भाग येतो आणि तो केवळ गल्ल्यासाठी काढला, अशी तक्रारही लगेच सुरू होते. २००२ च्या ‘आइस एज’नंतर ब्लू स्काय स्टुडिओने २००६ मध्ये ‘आइस एज : द मेल्टडाउन’ आणला. कार्लोस साल्दान्हा यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागाने जगभरात सुमारे ६६ कोटी डॉलर मिळवले, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. तक्रारीला आयतंच निमित्त मिळालं. तरीही मुलांना प्राचीन जगाकडे न्यायचं असेल, तर माझ्या मते या मालिकेतला सर्वांत मोलाचा भाग हाच. बर्फ वितळणं आणि मॅमथ संपणं या दोन घटना निसर्गात खरोखरच एकमेकींत गुंतलेल्या होत्या, आणि त्या एकाच गोष्टीत आणण्याचं धाडस याच भागाने केलं.

बर्फाच्या प्रचंड भिंतीने अडवलेलं पाणी दरीवर कोसळणार, म्हणून प्राणी दरीच्या टोकाकडच्या नावेकडे निघतात, ही सिनेमाची गोष्ट. ती अतिरंजित वाटते, पण हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यात अमेरिकेत हे घडलेलं आहे, तेही अनेकदा. आजच्या आयडाहो-मोंटाना सीमेजवळ हिमनदीच्या बांधामागे मिझुला नावाचं अवाढव्य सरोवर साचत असे. बांधापाशी त्याची खोली सुमारे ६०० मीटर होती. बांध फुटला की ते काही दिवसांतच रितं होई. भूवैज्ञानिक जे. हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ पासून, हे पाणी जिथून गेलं त्या वॉशिंग्टन राज्यातल्या खरवडलेल्या खडकांवरून महापुराचं अनुमान मांडलं, तेव्हा इतर भूवैज्ञानिकांनी ते उडवून लावलं. पुढे कॅमस प्रेअरीच्या माळावर पाण्याने उमटवलेल्या लाटा जोसेफ पार्डी यांनी दाखवून दिल्या. ओढ्याच्या वाळूत बोटभर उंचीच्या दिसतात तशाच, पण इथे खडीगोट्यांच्या आणि कित्येक मीटर उंच. ब्रेट्झ यांना भूविज्ञानातलं मानाचं पेनरोज पदक मिळालं ते १९७९ मध्ये, वयाची नव्वदी उलटल्यावर. आपल्याकडेही हा धोका इतिहासजमा झालेला नाही. सिक्कीममधलं साउथ ल्होनाक हे हिमसरोवर ऑक्टोबर २०२३ मध्ये फुटलं, तेव्हा तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं.

दुसरा धागा सिनेमातल्या मॅनी या मॅमथचा. तुझी जात संपली, असं त्याला आजूबाजूचे प्राणी ऐकवतात. मग एली भेटते. मॅमथ असून स्वतःला ऑपॉसम नावाचा चिमुकला प्राणी समजणारी, शेपटीने फांदीला उलटी लटकून झोपणारी. लहानपणी बर्फात एकटी भरकटलेली असताना ऑपॉसम आईने आपल्याला पोटाशी घेतलं, हे तिला आठवतं, तेव्हा ‘नामशेष’ या कोरड्या शब्दाला चेहरा मिळतो. पाठ्यपुस्तकाचं एक पान एवढं करू शकत नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. बर्फातून जिवंत होणारे समुद्री सरीसृप ही शुद्ध कल्पना. डायनोसॉरच्या काळातले असे प्राणी मॅमथच्या कितीतरी कोटी वर्षं आधी संपले होते. ही चूक पालकांना एका वाक्यात दुरुस्त करता येते, म्हणून मी ती गंभीर मानत नाही. मला खटकतं ते वेगळंच. पहिल्या भागात माणसाचं बाळ होतं, दुसऱ्यात माणूसच नाही. मॅमथ संपण्यात हवामानाचा वाटा किती आणि शिकाऱ्यांचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. सिनेमाने त्यातली एक बाजू गाळूनच टाकली. शेवटी मॅमथांचा कळप दिसतो, यालाही पळवाट म्हणतात. मला ते पटत नाही. लहान मुलाला प्रश्न भिडावा यासाठी आधी त्याला त्या प्राण्याचा लळा लागावा लागतो, आणि हे काम सिनेमा चोख करतो.

पुढचं काम मोठ्यांचं. सिनेमा संपला की मुलांना रँगेल बेटाबद्दल जरूर सांगा. बर्फ वितळून समुद्र चढला आणि सैबेरियाच्या उत्तरेचा हा तुकडा मुख्य भूमीपासून तुटला. तिथे अडकलेले मॅमथ हजारो वर्षं तगले आणि सुमारे ४,००० वर्षांपूर्वी संपले. तोवर इजिप्तमध्ये गिझाचा मोठा पिरॅमिड बांधून काही शतकं उलटली होती.