तुकडी जिल्हा, पोटतुकडी तालुका

‘तुकडी जिल्हा अहमदनगर, पोटतुकडी तालुका संगमनेर’ हे शब्द आमच्याकडच्या खरेदीखतांत पिढ्यान्‌पिढ्या उमटत आले. माणसे बदलतात, गट नंबर बदलतो, चतुःसीमा बदलते. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह’ आणि ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ मात्र जागचे हलत नाहीत. दस्त लिहिणाऱ्याचे निम्मे काम असे आधीच ठरलेले. ते दर वेळी नव्याने लिहायचे कसे टाळावे, ही खटपट संगणकाच्या कितीतरी आधीची.

हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तक या पत्रलेखनाच्या पुस्तकात कोणाला कोणता मायना घालायचा याचे नमुने होते. पुढे टाइपरायटर आला, पण मजकूर डोक्यातच राहिला. कार्बन घालून एकाच दस्ताच्या प्रती निघत. पुढचे गिऱ्हाईक आले की पुन्हा ‘कारणे लिहून देतो’पासून सुरुवात. पतसंस्थांच्या सभेच्या नोटिसा स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल होत आणि सभासदाचे नाव रिकाम्या जागेत पेनने भरले जाई. गोदरेजने १९५५ मध्ये आणलेला देशी टाइपरायटर २००९ पर्यंत तयार होत होता. म्हणजे संगणक आल्यावरही ही खटखट बरीच वर्षे चालू होती.

पुण्यात सी-डॅक १९८८ मध्ये सुरू झाले. त्यांच्या जिस्ट या तंत्रामुळे डॉसवर मराठी दिसू लागली, नंतर आयएसएम आणि मॉड्युलरची श्रीलिपी ही मराठी टाइप करायची सॉफ्टवेअर आली. टायपिंगवाल्यांनी सर्वांत आधी उचलली ती सोपी युक्ती: जुन्या दस्ताची फाइल उघडायची, नावे बदलायची आणि ‘सेव्ह ॲज’ करायचे. सोपी, आणि माझ्या मते सर्वांत घातकी. नव्या दस्ताच्या पूर्वेला आधीच्या गिऱ्हाइकाचा शेजारी तसाच बसलेला राहिला, तरी घाईत कोणाच्या लक्षात येत नाही.

खरी सोय होती वर्डच्या ऑटोटेक्स्टमध्ये. परिच्छेद निवडायचा, त्याला ‘चसी’सारखे छोटे नाव द्यायचे, मग ‘चसी’ टाइप करून एफ ३ दाबले की चतुःसीमेचा सांगाडा हजर. त्यात पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस यांपुढे कोऱ्या जागा. जुना शेजारी येण्याचा प्रश्नच नाही. तरी ही कळ बहुतेकांना माहीतच नव्हती. टायपिंगच्या क्लासात वेग शिकवत. वेगाची गरजच कमी कशी करावी, हे कोण शिकवणार?

ज्यांनी असा मजकूर वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये साठवला त्यांचा वेगळाच घोळ झाला. कृतीदेवसारख्या फॉन्टात दिसते मराठी, पण आत असतात रोमन अक्षरे. वाक्याचे पहिले अक्षर वर्ड आपणहून कॅपिटल करी. ‘कारणे’तला ‘क’ हा आतून ‘डी’. तो मोठा झाला की पडद्यावर अर्धा क. रोज सकाळी हे अर्धे क पुरे करत बसण्यापेक्षा लोकांनी ऑटोकरेक्टच बंद केले आणि साठवलेल्या मजकुराची सोयही त्याबरोबर गेली. युनिकोड स्थिरावल्यावर हा त्रास संपला. आता विंडोजची कळ आणि व्ही दाबले की कॉपी केलेले मागचे तुकडेही दिसतात. ही सोय २०१८ मध्ये आली. मोबाइलच्या कीबोर्डातही दोन अक्षरांवर अख्खा पत्ता उमटवता येतो.

या साऱ्याची परीक्षा झाली २०२४ मध्ये. मार्चमध्ये मंत्रिमंडळाने जिल्ह्याच्या नव्या नावाला मंजुरी दिली, ऑक्टोबरात अधिसूचना निघाली आणि ‘तुकडी जिल्हा अहिल्यानगर’ लिहायची वेळ आली. ज्याचा मजकूर एका जागी साठवलेला होता, त्याने एक शब्द बदलला आणि चहाला गेला. ज्याच्याकडे नुसत्या जुन्या फायली होत्या, त्याला प्रत्येक दस्तात जुने नाव हुडकावे लागले. फाइंड-रिप्लेसने ‘अहमदनगर’ सापडते, ‘अ.नगर’ आणि ‘जि. नगर’ तसेच राहतात. कृतीदेवातल्या फायलींत तर युनिकोडमधले ‘अहमदनगर’ मुळीच सापडत नाही, कारण आत ते तसे लिहिलेलेच नाही. उलट ‘सगळे बदला’ दाबणाऱ्यांनी पूर्वीच्या नोंदणीकृत दस्ताच्या वर्णनात आणि जुन्या निकालाच्या उताऱ्यातही नवे नाव घुसवले. तिथे जुनेच हवे. मूळ कागदावर तेच आहे.

म्हणून संगमनेरातल्या टायपिंगवाल्या भावाबहिणींना एकच सांगणे. जुन्या दस्तावरून नवा करणे सोडा. कोऱ्या जागांचा एक नमुना करा, त्यातली जिल्ह्याची ओळ आजच तपासा आणि चतुःसीमा मात्र दर वेळी पक्षकाराला विचारून हातानेच भरा.