शेजवानच्या मुलखात एकटा मुसाफिर

रमजानच्या दिवसांत मगरिबनंतर बाजारात चक्कर मारली, की भजी, कबाब आणि फालुद्याच्या शेजारी एक गाडी हमखास दिसते. तिच्यावर लाल अक्षरांत ‘चायनीज’ लिहिलेले असते आणि कढईखाली आचेचा भडका उडत असतो. शेजवान राईस, शेजवान नूडल्स, आता तर शेजवान डोसासुद्धा. हा ‘शेजवान’ म्हणजे नैर्ऋत्य चीनमधला सिचुआन प्रांत. नाव तिथले असले तरी लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगरची ही चव बरीचशी आपल्याकडची आहे. मंचुरियनचा जन्म तर 1970 च्या दशकात मुंबईत झाला. नेल्सन वांग यांनी ते प्रथम बनवले, असे मानले जाते.

त्यामुळे ठेचा आणि तांबडा रस्सा पचवलेला आपला माणूस एकट्याने सिचुआनला निघतो, तेव्हा तिखटाची भीती त्याच्या मनात नसते. तिथे पहिल्याच घासाला मात्र तो बुचकळ्यात पडतो. जीभ भाजते, पण त्याआधी ओठांना मुंग्या येतात आणि मग जीभ बधिर होते. काही वेळ साध्या पाण्याची चवही वेगळीच लागते.

या चवीला चिनी भाषेत ‘माला’ म्हणतात. ‘ला’ म्हणजे तिखट आणि ‘मा’ म्हणजे बधिर. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देतात, त्या शब्दातही हाच ‘मा’ आहे. ‘ला’ मिरचीतून येतो. ‘मा’ येतो तो हुआजाओ नावाच्या छोट्या फळांच्या सालीतून. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हुआजाओ ओठांना लावल्यावर होणारी थरथर सेकंदाला सुमारे 50 कंपनांसारखी जाणवते, असे त्यांना आढळले. म्हणजे ही केवळ चव नसून स्पर्शाचीही गंमत आहे.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना हा मसाला अगदीच परका वाटणार नाही. बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ हे याच हुआजाओचे भावंड. दोन्ही झाडे एकाच कुळातली. तिरफळातली काळी बी काढून टाकतात आणि साल वापरतात, तसेच हुआजाओचेही करतात. सिचुआनमध्ये फरक पडतो तो प्रमाणाचा. आपल्याकडे आमटीत चार-पाच तिरफळे पुरतात, तिथे मूठभर हुआजाओ तेलात पडतो.

मिरचीची गोष्टही दोन्हीकडे सारखीच आहे. ती मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती भारतात आली आणि त्याच शतकाच्या अखेरीस चीनमध्ये पोहोचली. हांगझोच्या गाव ल्यान या लेखकाने 1591 च्या ग्रंथात तिची नोंद केली, ती लाल फळांचे देखणे झाड म्हणून. चीनच्या ताटात ती शिरली त्यानंतर बऱ्याच काळाने, तीही गरिबांच्या घरातून. डोंगराळ ग्वीझो प्रांतात मीठ दुर्मीळ आणि महाग होते. भात घशाखाली उतरावा म्हणून लोक मिरची खाऊ लागले. तिथून ती शेजारच्या हुनान आणि सिचुआनमध्ये रुजली. आता या तिन्ही प्रांतांत तिखटावरून चढाओढ आहे. गमतीने म्हणतात, की एका प्रांताचे लोक तिखटाला भीत नाहीत, दुसऱ्याचे कितीही तिखट असले तरी भीत नाहीत आणि तिसऱ्याचे लोक जेवण तिखट नसेल की काय, म्हणून भितात!

एकट्या प्रवाशाची खरी अडचण तिखटाच्या आधी सुरू होते. चिनी जेवण हे गोल टेबलाभोवती, मधे सात-आठ ताटे ठेवून मिळून खाण्याचे. चोंगकिंगचा प्रसिद्ध हॉटपॉट घ्या. यांग्त्से आणि जियालिंग नद्यांच्या संगमावरच्या या बंदरात नावाडी आणि हमाल स्वस्तातले वजडीचे तुकडे उकळत्या तिखट रश्शात बुडवून खायचे, त्यातून हा प्रकार घडला. आज तो मित्रमंडळींचा सोहळा झाला आहे. एकट्याने एवढे मोठे भांडे मागवले, तर पैसे आणि अन्न दोन्ही वाया जाते. त्याला उत्तर म्हणजे ‘माओत्साय’ किंवा ‘मालातांग’. आपल्याला हव्या त्या भाज्या, टोफू, मशरूम, बटाट्याच्या चकत्या निवडून द्यायच्या. त्या रश्शात शिजून एका वाडग्यात येतात. माओत्साय म्हणजे एकट्याचा हॉटपॉट, असे तिथले लोकच म्हणतात.

तिखट किती हवे तेही सांगता येते: ‘वेईला’ म्हणजे थोडे, ‘झोंगला’ म्हणजे मध्यम आणि ‘तला’ म्हणजे जहाल. पहिल्या दिवशी ‘वेईला’च बरे. सिचुआनचे थोडे हे अनेकांना पुरून उरते. तोंड पेटले तर पाण्याचा उपयोग होत नाही, कारण मिरचीतला दाहक घटक पाण्यात नीट विरघळत नाही. दूध किंवा साधा भात बरा. हॉटपॉटबरोबर लसूण घातलेल्या तिळाच्या तेलाची वाटी देतात, तीही घास थोडा सौम्य करते.

यापेक्षा कठीण प्रश्न आहे: ‘यात काय आहे?’ हा प्रश्न मुसलमानाला पडतो, तसाच शाकाहारी हिंदूला आणि जैनालाही पडतो. मापो टोफू नावाने शाकाहारी वाटते, पण त्यावर गोमांसाचा किंवा डुकराच्या मांसाचा खिमा असतो. साधी परतलेली भाजीही डुकराच्या चरबीत केलेली असू शकते. चोंगकिंगच्या हॉटपॉटचा लाल तवंग बहुधा गायी-बैलांच्या चरबीचा असतो. भाषा येत नाही आणि विचारायला सोबत कुणी नाही. अशा वेळी उपाशी राहायचे की डोळे मिटून खायचे, एवढेच दोन पर्याय आहेत असे वाटू लागते.

पण चीनमध्येच या प्रश्नाला शेकडो वर्षांची दोन उत्तरे आहेत. पहिले ‘सू’, म्हणजे शाकाहार. ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी आहे, हे एक वाक्य पाठ केले तरी बरीच वाट सोपी होते. बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरांत मांसाबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. सिचुआनची राजधानी चेंगडू येथील वेन्शू मठात असे शाकाहारी जेवण मिळते.

दुसरे उत्तर ‘छिंगझेन’. शब्दशः अर्थ ‘शुद्ध आणि सत्य’. चीनमध्ये हलालसाठी हाच शब्द आहे. पूर्वी या दोन चिनी अक्षरांशेजारी अरबीत ‘हलाल’ लिहिलेले असे आणि परदेशी मुसलमान त्यावरून दुकान ओळखत असे. 2019 मध्ये बीजिंगमधील अनेक हलाल उपाहारगृहांना अरबी अक्षरे आणि चंद्रकोर काढायला लावल्याच्या बातम्या जगभर आल्या. पाटीवरचे ओळखीचे अक्षर गेल्यावर प्रवाशाची गैरसोय होते, ती थोड्या दिवसांची. जिची ती पाटी, त्या माणसाला ती रोज पाहावी लागते. आता निघण्यापूर्वी ‘छिंगझेन’ची दोन चिनी अक्षरे डोळ्यांना सवयीची करून घेणे, फोनमध्ये त्यांचे चित्र ठेवणे, हाच चांगला उपाय.

ही अक्षरे बहुतेक वेळा दिसतात ती हुई मुसलमानांच्या छोट्या नूडल्सच्या दुकानांवर. लान्झो शहराच्या नावाची ही दुकाने चीनभर आहेत. बहुतेकांचे मालक मात्र शेजारच्या छिंगहाय प्रांतातले असतात. कणकेचा गोळा हातांनी ताणत, दुमडत, पुन्हा ताणत केसासारख्या बारीक किंवा पट्ट्यासारख्या रुंद नूडल्स तुमच्यासमोर होतात. वाडग्यात पाच रंग हवेत: नितळ रस्सा, पांढरा मुळा, लाल मिरचीचे तेल, हिरवी कोथिंबीर आणि पिवळसर नूडल्स. हे जेवण एकट्यासाठीच आहे. कामावर जाणारा माणूस पाच मिनिटांत वाडगा संपवून उठतो. रस्सा गोमांसाचा असतो, त्यामुळे ते न खाणाऱ्याला तो चालणार नाही. त्याने शिनजियांगच्या ‘दापानजी’ची चौकशी करावी: मिरची आणि हुआजाओ घातलेले कोंबडी-बटाट्याचे झणझणीत कालवण. मूळ ताट चार माणसांचे, पण अनेक ठिकाणी नूडल्सवर वाढलेली एकट्याची थाळीही मिळते.

शिआन शहरात, जुन्या मोठ्या मशिदीजवळच्या गल्ल्यांत, आणखी एक पदार्थ आहे. गिऱ्हाइकासमोर रिकामा वाडगा आणि जाड रोटी येते. रोटी आपणच कुस्करायची, अगदी बारीक, मग स्वयंपाकी त्यावर मटणाचा रस्सा घालून देतो. सोबत मिरचीची चटणी आणि गोडसर लसूण. भाकरी कुस्करून खाणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. आणि वीसेक मिनिटे हात गुंतलेले असल्याने एकट्याला संकोचही वाटत नाही.

अशा दुकानात कान उघडे ठेवले, तर काही शब्द ओळखीचे निघतात. मशिदीच्या इमामाला हुई लोक ‘आहोंग’ म्हणतात. तो आपला फारसी ‘आखुंद’. धर्मबंधूला ते ‘दोस्ती’ म्हणतात. तो आपला ‘दोस्त’. रोजा सोडण्याला चिनीत ‘काय्झाय’ म्हणतात, म्हणजे उपवास उघडणे, उर्दूतल्या ‘रोजा खोलना’सारखेच. ईदुल्फित्रचे नावही त्यावरूनच: ‘काय्झाय’चा सण. तेव्हा ‘वेईला’ आणि ‘छिंगझेन’बरोबर हा ‘दोस्ती’ही शब्दांच्या यादीत लिहून न्यावा. पहिले दोन ताटासाठी लागतील. तिसरा, ताट घेऊन येणाऱ्या माणसासाठी.