बुद्धिबळाचा डाव मांडताना

ग्रँडमास्टर विदित गुजराथी नाशिकचे. त्यांचा खेळ पाहून मूल बुद्धिबळाचा हट्ट धरू लागले, तर आधी पट नीट मांडायला शिकवावे.

पटावर ६४ घरे असतात. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर आले पाहिजे. नवशिक्यांची सर्वाधिक चूक इथेच होते. पहिल्या रांगेत दोन्ही कोपऱ्यांत हत्ती, त्यांच्या शेजारी घोडे, मग उंट. उरलेल्या दोन घरांपैकी आपल्या रंगाच्या घरात वजीर आणि त्याच्या शेजारी राजा. त्यामुळे दोन्ही वजीर समोरासमोर येतात. दुसऱ्या रांगेत आठ प्यादी. पहिली खेळी नेहमी पांढऱ्याची.

ऑनलाइन खेळताना सोंगट्या आपोआप मांडलेल्या मिळतात. तिथे ठरवायची असते ती वेळ. '५+३' म्हणजे प्रत्येकाला पाच मिनिटे आणि दर खेळीमागे तीन सेकंदांची भर. नवशिक्यांनी दहा मिनिटे किंवा अधिक घ्यावीत. 'लिचेस' या मोफत संकेतस्थळावर मित्राला दुवा पाठवून खाते न उघडताही खेळता येते.

इंटरनेट मात्र भरवशाचे हवे. २०२०च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये विदित भारताचे कर्णधार होते. अंतिम फेरीत आपल्या दोन खेळाडूंची जोडणी तुटली आणि शेवटी भारत व रशियाला संयुक्त विजेते घोषित करावे लागले.

तरीही सुरुवात खऱ्या पटावरच करावी. हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते, ही शिस्त तिथेच अंगी बाणते.