स्वप्नात जवळचं माणूस गेलेलं दिसलं तर?

‘त्याचं आयुष्य वाढलं!’ घाबरून उठलेल्याला घरातली मोठी माणसं असं सांगतात. मला हा दिलासा फार मोलाचा वाटतो.

विज्ञानही धीरच देतं. १९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप नोंदवली. ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच झोपेत पडतात. त्या वेळी मेंदूतला भीतीशी निगडित भाग जोरात असतो, सारासार विचार करणारा मंदावलेला. चांदीपहून विरारला येऊन रोज गर्दीची लोकल धरणारा भाऊ स्वप्नात दारातून पडताना दिसला, तर ते भाकीत नव्हे. आपली दिवसाचीच काळजी. सकाळी त्याला फोन करा, बोला.

तेच स्वप्न वारंवार पडून झोप उडत असेल, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर जरूर बोला.