गिअरमध्ये आहे, तरीही घरंगळते

उतारावर गाडी उभी करताना चालक इंजिन बंद करून ती गिअरमध्ये ठेवतो. चाके फिरायची तर बंद इंजिनही फिरवावे लागते आणि त्याचा विरोध गाडीला अडवतो. १९४५ साली शेतीकामासाठी निघालेल्या विलीज जीपमध्ये मात्र हा भरवसा दर वेळी खरा ठरत नाही. तिच्या गिअरबॉक्समागे ‘ट्रान्सफर केस’ नावाची दातेरी चक्रांची आणखी एक पेटी असते. तेथून एक दांडा पुढच्या आसाकडे व एक मागच्या आसाकडे जातो. या पेटीलाही स्वतःचा न्यूट्रल आहे. तो टाकला की दोन्ही दांडे इंजिनापासून सुटतात. मग गाडी जागेवर ठेवून इंजिनावर पंप किंवा करवत चालवता येते; दुरुस्तीच्या वेळी दांडे सुटे फिरवून पाहता येतात.

राहिला हँडब्रेक. तोही येथे चाकांवर नसून मागच्या दांड्यावर असतो! दांडा अडला की गाडी अडली, असेच कोणालाही वाटेल. आता मागचे एक चाक जॅकवर उचलल्याची कल्पना करा. डिफरन्शियलमुळे दांडा स्थिर असतानाही मागचे एक चाक पुढे व दुसरे तितकेच मागे फिरू शकते. उचललेले चाक हवेत उलटे फिरते, जमिनीवरचे सुलटे, आणि गाडी जॅकवरून निसटते. खाली मिस्त्री निजलेला असतो. म्हणून सपाट जागा, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे व सांगाड्याखाली भक्कम स्टँड, एवढे झाल्यावरच न्यूट्रल टाकावा.