दिवा, मीटर आणि मोर्चा

आमच्या कबनुरात एके काळी घरोघरी 'झीरोचा बल्ब' असे. तो रात्रभर जळे आणि त्याला वीज लागत नाही, अशी सर्वांची दृढ समजूत असे. वस्तुतः तो बारा-पंधरा वॉट वीज घेई. परंतु त्या काळच्या फिरत्या चकतीच्या मीटरला इतक्या अल्प वापराची नोंद घेणे सहसा जमत नसे, आणि एवढ्याच अर्थाने त्याचे 'झीरो' हे नाव खरे होते. दिवा किती वीज खातो हा एक प्रश्न आणि मीटर किती पाहतो हा दुसरा, हे आमच्या वडीलधाऱ्यांना पदार्थविज्ञान न शिकताही ठाऊक होते.

या जुन्या गोष्टीची आठवण होण्यास कारण घडले ते आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षातील एका संभाषणाचे. स्मार्ट मीटरविरोधी निदर्शनांची बातमी वाचून एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "एलईडीचे दिवे आले तेव्हा सगळ्यांनी मुकाट्याने घेतले. मग मीटर बदलायला आल्यावरच मोर्चे कशासाठी? आपल्या लोकांना सुधारणा नको असते, हेच खरे." हे गृहस्थ सश्रद्ध, काटकसरी, कायदा पाळणारे आणि मोर्चा म्हटला की कपाळाला आठी घालणारे. प्रस्तुत लेखकाची गणनाही बहुधा त्याच वर्गात होईल. तरीही त्यांच्या प्रश्नातच त्यांचे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते.

दिव्यांची हकीकत आधी पाहू. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने घरगुती एलईडी दिव्यांची योजना सुरू केली. पुढे ती 'उजाला' या नावाने प्रसिद्धी पावली. साठ वॉटच्या जुन्या दिव्याचे काम सात-नऊ वॉटचा दिवा करू लागला. एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस या सरकारी क्षेत्रातील कंपनीने घाऊक निविदा काढल्या. २०१४ मध्ये एका दिव्याला सुमारे ३१० रुपये मोजावे लागत होते, तो खरेदीचा भाव दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांपर्यंत खाली आला. ग्राहकाला दिवा सत्तर रुपयांच्या आसपास मिळू लागला, आणि ज्याला तेही एकरकमी जड वाटत, त्याला वीजबिलातून हप्त्याने फेडण्याची सोय अनेक ठिकाणी होती. देशभरात असे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की जुन्या पिवळ्या दिव्यावर देशव्यापी बंदी घालण्याची गरज कोणाला भासली नाही. जुना दिवा दुकानात होता, नवाही होता. आणि आमच्या गल्लीतील आजीबाईंनी दोन महिन्यांची बिले शेजारी शेजारी ठेवून निकाल दिला.

इचलकरंजीला खेटून असलेल्या या गावात घरापेक्षा मागाचे खाते मोठे. धोटा धावत असताना तुटलेली तार दिसली नाही तर कापडात दोष राहतो आणि मजुरी कापली जाते. तेव्हा दिवा हा येथे शोभेचा विषय नव्हे. चोकसह जुनी ट्यूब पन्नास-पंचावन्न वॉट घेई, एलईडीची नळी अठरा-वीस वॉट घेते. माग दोन पाळ्यांत चोवीस तास चालतो असे धरले आणि वर्षाचे तीनशे दिवस मोजले, तर एका नळीमागे सुमारे अडीचशे युनिटांची बचत होते. हा हिशेब खर्चीवाल्या मागधारकाने कोणत्याही व्याख्यानाशिवाय केला आणि ट्यूबा बदलल्या. पण त्याने त्यापुढचाही हिशेब केला, जो शहरातील ऊर्जाबचतीचे प्रचारक करीत नाहीत. साध्या मागाची मोटर एक अश्वशक्तीची, म्हणजे साडेसातशे वॉटांच्या घरातली. दोन मागांवर एक नळी धरली, तर नळी बदलून वाचतात पस्तीस वॉट आणि माग ओढतात दीड हजार. शेकडा दोन-अडीच. तेवढे वाचवून झाल्यावर उरलेल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा दर कोण ठरवितो, तो केव्हा वसूल होतो आणि त्याची नोंद कोण घेतो, हाच त्याच्या जिवाभावाचा प्रश्न उरतो.

आता हाच दिवा अमेरिकेत कसा वागला ते पाहणे मनोरंजक आहे. १९ डिसेंबर २००७ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ऊर्जाविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानुसार शंभर वॉटच्या दिव्याने २०१२ पासून तेवढाच उजेड बहात्तर वॉटांत द्यावयाचा होता. बुश रिपब्लिकन पक्षाचे. दिव्यांच्या कलमाचे एक जनक फ्रेड अप्टन हेही त्याच पक्षाचे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात जुने दिवे हद्दपार करण्याची घोषणा जॉन हॉवर्ड यांच्या उजव्या सरकारनेच केली होती. म्हणजे ही कल्पना काही डाव्यांच्या मठातली नव्हे. तथापि २००९ मध्ये 'टी पार्टी' आंदोलन उभे राहिले आणि एडिसनचा दिवा एकाएकी स्वातंत्र्याचे प्रतीक बनला. मिशेल बाखमन यांनी दिवा निवडण्याच्या स्वातंत्र्याचे विधेयक मांडले. जुलै २०११ मध्ये जो बार्टन यांचे विधेयक प्रतिनिधिगृहात २३३ विरुद्ध १९३ असे बहुमत मिळवूनही पडले, कारण त्या पद्धतीने संमत होण्यास दोनतृतीयांश मते लागत होती. गर्दीचे राजकारण हे उथळपणाचे लक्षण मानणारा वर्ग स्वतःच फलक घेऊन रस्त्यावर उतरला.

या ओरडीत अतिशयोक्ती पुष्कळ होती. कायद्याने दिव्याचा आकार वा प्रकार ठरविला नव्हता, कार्यक्षमता ठरविली होती. सुधारलेले हॅलोजन दिवे त्यात बसत होते. परंतु सारेच खोटे होते असेही नाही. सप्टेंबर २०१० मध्ये व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर येथील जनरल इलेक्ट्रिकचा जुन्या दिव्यांचा कारखाना बंद पडला, सुमारे दोनशे कामगार घरी बसले आणि त्यांच्या दिव्यांची जागा घेणारे सीएफएल मुख्यतः चीनमधून येत राहिले. कारखान्याच्या गावात राहणाऱ्याला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. हुकमाने झालेल्या बदलाला एक शाप मात्र जडतो: सत्ता फिरली की हुकूम फिरतो. तेथे २०१९ मध्ये एका प्रशासनाने पुढचा कडक निकष रोखला, २०२२ मध्ये दुसऱ्याने तो आणला आणि ऑगस्ट २०२३ पासून तो अमलात आला. एवढ्या वादंगात सामान्य अमेरिकन गृहिणीने काय केले? दिवे स्वस्त झाल्यावर तिनेही बहुतांशी एलईडीच घेतले. म्हणजे प्रश्न दिव्याचा नव्हताच. 'आम्हाला कोणी विचारले?' हा होता. त्या सनातन्यांचे चुकले ते एवढेच, की त्यांनी योग्य प्रश्न भलत्या वस्तूला चिकटविला.

मराठी वाचकाला हा वाद अपरिचित नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी टिळकांचे म्हणणे यासारखेच होते. त्यांनी मुलींचे लग्न सोळाव्या आणि मुलांचे विसाव्या वर्षापूर्वी न करण्याचे बंधन सुधारकांनी स्वेच्छेने स्वतःवर घालून घ्यावे असे सुचविले होते. पण परक्या सरकारने आपल्या घरात कायदा घेऊन शिरावे हे त्यांना मान्य नव्हते. आगरकर कायद्याच्या बाजूचे होते, आणि त्या विशिष्ट वादात त्यांचीच बाजू न्यायाची होती, कारण तेथे एका अजाण मुलीच्या देहाचा आणि जिवाचा प्रश्न होता. जेथे दुसऱ्याची हानी उघड आहे तेथे समाजाच्या संमतीची वाट पाहत बसता येत नाही. पण प्रत्येक बदल त्या कोटीचा नसतो. काटकसरीसारख्या गोष्टीत टिळकांची पद्धतच अधिक टिकाऊ ठरते, असे एलईडीच्या अनुभवावरून म्हणावयास हरकत नाही.

स्थितिप्रिय माणसाने रस्त्यावर यावे काय, याचेही उत्तर आमचे सहकारी समजतात तितके सोपे नाही. स्थितिवादाचे आद्य आचार्य एडमंड बर्क यांनी १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर कठोर टीका केली, हे सर्वांना माहीत असते. पण त्याच बर्कनी १७७५ मध्ये पार्लमेंटात अमेरिकन वसाहतींच्या गाऱ्हाण्यांची बाजू घेतली होती, याचा विसर पडतो. वडिलोपार्जित हक्क सांभाळण्यासाठी उठलेले लोक आणि सगळेच उलथून टाकावयास निघालेले लोक, यांत ते फरक करीत. आपल्याकडे शरद जोशी हे खुल्या बाजाराचे आणि सरकारी नियंत्रणे उठविण्याचे कट्टर पुरस्कर्ते. अर्थविचाराने त्यांना कोणीही उजवेच म्हणेल. आणि तरीही रास्ता रोकोचे तंत्र खेड्यापाड्यांत पोचविले ते त्यांनीच. येथून फार लांब नसलेल्या निपाणीला १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठाण मांडले, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. ते शेतकरी क्रांती करावयास बसले नव्हते, मालाचा भाव मागत होते. अलीकडच्या काळात कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात कॉम्रेडांच्या शेजारी पेढीवरचे व्यापारी चालत होते, आणि २०१५ संपता संपता सरकारला तो टोल गुंडाळावा लागला.

आता मीटरकडे वळू. केंद्राच्या २०२१ च्या वितरण सुधारणा योजनेखाली महाराष्ट्रात शेतीपंप वगळून सव्वादोन कोटींच्या घरात स्मार्ट मीटर बसविण्याचे ठरले, तेही प्रीपेड. एका मीटरचा खर्च देखभालीसह बारा हजार रुपयांच्या आसपास. केंद्राचे अनुदान जास्तीत जास्त नऊशे. ग्राहकाकडून मीटरचे पैसे घेणार नाही, असे सांगण्यात आले. परंतु वितरण कंपनीचा मान्य खर्च वार्षिक महसुली गरजेत धरला जातो आणि ती गरज दरातून भागविली जाते, हे नियामक आयोगाचा कोणताही दर-आदेश उघडून पाहणाऱ्यास दिसेल. एलईडीत सत्तर रुपये कोणाचे गेले आणि बचत कोणाच्या खिशात आली, हे दोन्ही एकाच बिलावर दिसत होते. मीटरच्या बाबतीत खर्च सर्वांवर पसरतो. लाभ मात्र वसुली सुधारल्याने मुख्यतः कंपनीला होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट खेळत्या भांडवलाची आहे. खर्चीवाला मागधारक दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतो. कापड पोचते झाल्यावर त्याची मजुरी हाती येते, आणि वीजबिल महिना संपल्यावर येते. ही मागाहूनची आकारणी म्हणजे त्याला मिळणारी अल्पशी उधारीच होय. तिच्या बदल्यात दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी अनामत त्याच्याकडून घेतलेली असते. आगाऊ पैसे भरल्याशिवाय माग सुरू होणार नाही असे झाले, की हे भांडवल त्याला सावकाराकडून उभे करावे लागेल. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या एखाद्या कुटुंबाला मोबाईलसारखे थोडे थोडे पैसे भरणे कदाचित सोयीचेही वाटेल. ज्याला सोयीचे त्याने घ्यावे. २००३ च्या वीज कायद्याचे ४७ वे कलम, पोटकलम पाच, नेमके हेच गृहीत धरते: प्रीपेड मीटर घेण्यास जो तयार आहे, त्याच्याकडून अनामत मागता येणार नाही. 'तयार आहे' या शब्दांत संमती आली. पण २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी जोडणीसाठी स्मार्ट वा प्रीपेड मीटर हाच नियम केला आणि अपवादाची मान्यता आयोगाकडे सोपविली. ज्या नियमांच्या शीर्षकात ग्राहकाचे हक्क आहेत, त्यांतच त्याचा एक पर्याय नाहीसा व्हावा, याला काय म्हणावे!

विरोध झाला. प्रताप होगाडे यांच्या महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेने लेखी हरकती नोंदविण्याचे आवाहन केले, ठिकठिकाणी निदर्शने झाली आणि जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना हे प्रीपेड मीटर बसविणार नाही, अशी घोषणा तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केली. नंतर मागाहून बिल येणारे 'टीओडी' मीटर आले आणि वाद नव्या वळणावर गेला. दिवसा वापरलेली वीज स्वस्त, ही त्यामागची कल्पना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पटण्याजोगी आहे. एलईडीप्रमाणेच तिचा लाभ बिलावर दाखवा, लोक ती आपणहून स्वीकारतील.

मात्र आंदोलकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मीटर फोडण्याची आणि बिले न भरण्याची भाषा मला मान्य नाही. एकाने बुडविलेले बिल आयोग दुसऱ्याच्या दरात घालतो, आणि तो दुसरा बहुधा शेजारचा प्रामाणिक मागवालाच असतो. ज्याची थकबाकी नाही त्याच्याच हरकतीला वजन येते.

आमच्या गल्लीतील एका मागधारकाने दोन पानी अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिला, माझ्याकडून त्यातील कलमांचे आकडे तपासून घेतले आणि शेवटचे बिल भरल्याची पावती त्याला जोडली. मोर्चाच्या दिवशी त्याने एक पाळी बंद ठेवली, रांगेत उभा राहून अर्ज दिला आणि पोच घेतली. संध्याकाळी दिवेलागणीला तो परत आला, तेव्हा खात्यात एलईडीच्या नळ्या लागल्या होत्या आणि कांड्या भरणारी बाई त्याची वाट पाहत बसली होती. पोच त्याने बिलांच्या फाइलीत लावली आणि माग सुरू केले.