धावणाऱ्याच्या गुडघ्यातले वंगण संपलेले नसते

पावसाळा सरला की मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचे किलोमीटर वाढू लागतात. डिसेंबरपर्यंत त्यांतल्या काहींचे गुडघे ओपीडीत येऊन पोहोचतात. तक्रार बहुधा एकसारखी असते : वाटीभोवती दोन-तीन महिने दुखते आहे, जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना जास्त दुखते, विश्रांती घेतली की थांबते आणि धावायला लागले की पुन्हा सुरू होते. निदान घरच्यांनी आधीच केलेले असते, ‘वंगण संपलंय, आता धावणं सोड.’

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला, तरी त्याची किंमत मोजावी लागते. चाळिशीनंतर धावू लागलेल्या अनेकांनी वजन, रक्तदाब किंवा रक्तातील साखर धावण्याच्याच जोरावर आटोक्यात आणलेली असते. धावणे सुटले की ही दुखणी परतण्याची शक्यता असते. त्यामुळे धावणे बंद करण्यापूर्वी गुडघा का दुखतो, हे समजून घ्यायला हवे.

दम पुढे, गुडघा मागे

दहा किलोमीटर धावताना प्रत्येक पाय साधारण पाच हजार वेळा जमिनीवर पडतो. दर वेळी वाटीच्या मागे शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. हा भार सोसायला शरीर शिकते, पण सगळे अवयव एकाच वेगाने शिकत नाहीत. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडे आणि स्नायूबंध बळकट व्हायला मात्र महिने लागतात. दम आहे म्हणून आपण अंतर वाढवतो आणि गुडघा मागे राहतो. रेंगाळणारी बहुतेक दुखणी या तफावतीतून येतात.

दुखण्याची जागाही बरेच सांगून जाते. वाटीभोवती किंवा तिच्या मागे दुखत असेल, तर वाटीच्या सांध्यावर भार जास्त झालेला असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, विशेषतः उतारावर दुखत असेल, तर खुब्यापासून खाली येणाऱ्या जाड पट्ट्याचा त्रास असू शकतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट उतरताना ही कळ अनेकांना जाणवते.

झिजेची भीती

धावल्याने गुडघे झिजतात, हा समज घट्ट रुजलेला आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघा आणि खुब्याच्या झिजेच्या संधिवाताचे प्रमाण सुमारे ३.५ टक्के, तर न धावणाऱ्यांमध्ये सुमारे १० टक्के आढळले. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत ते सुमारे १३ टक्के होते. धावल्यामुळेच गुडघे वाचतात, असे यावरून सिद्ध होत नाही. पण बेताने धावण्याला घाबरण्याचे कारणही दिसत नाही.

एमआरआयच्या अहवालाबाबतही असेच आहे. पन्नाशीपुढच्या लोकांवरील २००८ च्या एका अभ्यासात गुडघ्याची गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्यात काहीच त्रास नव्हता. म्हणजे चित्रात दिसणारा दोष आणि दुखण्याचे कारण एकच असेल, असे नाही. पडणे, पिळवटणे किंवा सूज नसेल, तर हातांनी केलेली नीट तपासणी आधी आणि एमआरआय नंतर, हाच क्रम योग्य.

विश्रांतीने का भागत नाही?

पूर्ण विश्रांतीत दुखणे शमते, पण मांडीचे आणि खुब्याचे स्नायू आणखी अशक्त होतात. महिन्याभराने जुन्याच अंतरावर परतलो की दुखणेही परतते. त्याऐवजी भार कमी करा, शून्यावर आणू नका. उतार आणि वेगाचे सराव आधी थांबवा. दुखण्याला ० ते १० गुण दिले, तर धावताना ते ३ च्या आत राहील एवढेच अंतर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून पाहा. आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखले, तर कालचे धावणे जास्त झाले. दम टिकवण्यासाठी पोहणे किंवा सायकल चालेल. पुढे वाढवताना अंतर, वेग आणि चढ-उतार यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवा.

त्याच्या जोडीला आठवड्यातून तीनदा ताकदीचे व्यायाम हवेत : कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, भिंतीला टेकून अर्धी बैठक, एका पायरीवरून सावकाश खाली उतरणे आणि टाचा उचलणे. प्रत्येकी १०-१२ वेळा, तीन फेऱ्या. शेवटची दोन-तीन आवर्तने जड गेली पाहिजेत. सोपे वाटू लागले की पाठीवर वजनाची पिशवी घ्या. फरक दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात कंटाळून सोडणारेच पुन्हा ओपीडीत येतात.

धावताना पावले थोडी आखूड टाका. वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावले ५ ते १० टक्क्यांनी वाढवली, तर गुडघ्यावरचा भार कमी होतो.

वेदनाशामक गोळी घेऊन लांब पल्ल्याला मात्र निघू नका. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. शिवाय गुडघा देत असलेला इशाराही त्या दाबून टाकतात.

डॉक्टरांकडे कधी?

गुडघा अचानक सुजला, अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला, रात्री झोपेतही दुखू लागला, सांधा गरम होऊन ताप आला, किंवा हाडावर एकाच बोटाने दाखवता येईल अशा जागी कळ वाढत गेली, तर धावणे थांबवून लगेच तपासून घ्या. जांघेत दुखत असेल, तर खुब्याच्या हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. तो अंगावर काढू नये. धावणाऱ्या स्त्रियांची पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर खाणे खर्चाच्या मानाने अपुरे पडत असावे. हाडे कमकुवत होण्याचा तो इशारा असतो.

यांपैकी काही नसेल, तर चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि ते तीन महिने चुकवू नका. यंदाची शर्यत हुकली तरी चालेल. धावणे साठीतही चालू राहावे, यासाठी ही तयारी आहे.